घोंगडीखालचा कॉम्प्युटर

आमच्या घरमालकांना शिट्टी वाजवल्याशिवाय गेट लावता यायचं नाही. संध्याकाळी दिवे लागले की ते कंपनीची निळी टोपी घालून अंगणात उभे राहायचे आणि दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायचे की जालना रोडवरच्या रिक्षावाल्यानंही मागं वळून बघावं. मग वरच्या खोल्यांकडे मान करून विचारायचे, "समदे आले का?" आम्ही भाडेकरूंनी खिडकीतून "आलो" म्हटल्याशिवाय गेटला कडी लागत नसे. मी नुकतीच नांदेडहून औरंगाबादला आले होते, एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवू लागले होते आणि स्वतःला फार स्वतंत्र समजत होते. पहिल्या संध्याकाळी मी मुद्दामच उत्तर दिलं नाही. तर हे जिना चढून वर आले, दार वाजवलं, मला नखशिखान्त बघून घेतलं आणि खाली गेले. दुसऱ्या दिवसापासून मी सगळ्यांच्या आधी ओरडायला लागले.

सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही मामाच म्हणायचे. घराणं मेंढपाळांचं. त्यांच्या वडिलांपर्यंत सगळ्यांचं आयुष्य मेंढ्यांमागे चालण्यात गेलेलं. शाळेत गेलेले घरातले पहिले मामाच. पुढे आयटीआय करून ते इलेक्ट्रिशियन झाले आणि चिकलठाण्याच्या एका कंपनीत मेंटेनन्सला लागले. नोकरी लागली, कॉलनीत घर झालं, पण अंगातला मेंढपाळ काही निवृत्त झाला नाही. यंत्र बिघडलं असं ते कधी म्हणायचे नाहीत. "आज तिला बरं नाय" असं म्हणायचे. बोअरची मोटर चालू करायची म्हणजे "पाण्यावर न्यायची". स्कूटर सुरू होईना तर लाथ मारायची नाही, तिच्या पाठीवर थोपटायचं. आणि गंमत अशी की ती बरेचदा सुरू व्हायची.

"ह्यांचं काय सांगता," मामी भाकरी थापता थापता म्हणायच्या, "मला बघायला आले तवा चहाच्या कपाकडं नाय बघितलं, माझ्या दाताकडं बघत व्हते."

"मग? वय कसं कळणार?" मामा गंभीरपणे विचारायचे.

या माणसानं एक दिवस घरी कॉम्प्युटर बनवायला घेतला. बनवायला, विकत घ्यायला नाही. त्या काळी आमच्या क्लासमध्येसुद्धा कॉम्प्युटर म्हणजे वातानुकूलित खोलीतला पाहुणा होता. मुलं चपला बाहेर काढून आत यायची. मामांनी कुठून कुठून सुटे भाग जमवले, काही मुंबईहून, काही शहरातल्या एका दुकानातून, आणि समोरच्या खोलीत सतरंजीवर मांडून बसले. मला हाक आली. "मास्तरीणबाई, जरा खाली या. जनावर उभं राहतंय." मी गेले तर खरंच पडद्यावर अक्षरं उमटत होती. मामा गुडघ्यावर बसून अगदी हलकी, ओठातल्या ओठात शिट्टी वाजवत होते. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. इतका आनंद झालेला मोठा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

क्लासमधल्या कॉम्प्युटरवर प्लास्टिकची झूल असायची. मामांनी त्यांच्या कॉम्प्युटरवर काळी घोंगडी घातली. रोज सकाळी ती झटकायची, घडी करायची, मग वाटीत खोबरेल तेलात कालवलेला भंडारा, म्हणजे देवाची हळद, अंगठ्यावर घ्यायचा आणि यंत्राच्या कपाळाला लावायचा. त्याशिवाय वीज द्यायची नाही. कोरडा भंडारा प्लास्टिकवर टिकत नाही, म्हणून तेल. कपाळ म्हणून त्यांनी डब्याच्या बरोबर मधली जागा धरली होती. तिथं एक छोटं खोलगट बटन होतं, अडलेलं यंत्र पुन्हा सुरू करायचं.

"मामा, ते रिसेटचं बटन आहे," मी म्हटलं होतं.

"ठावं हाय की, मीच जोडलंय. पर ज्याला घडीघडी उठवायला लागतं त्याला ते बटन पायजे. आपल्याला काय उपेग त्याचा? बरी खोबण हाय, टिळा चांगला बसतो."

आता त्या कॉम्प्युटरचं प्रयोजन सांगते. मामांचे वडील, आबा, मागच्या खोलीत राहायचे. मेंढ्या केव्हाच विकलेल्या, पण काठी हातातून सुटलेली नव्हती. आबांना एक गाणं येत होतं. देवाचं नव्हे, वाटेचं. पावसाळा सिल्लोडच्या पलीकडच्या डोंगरात काढून कळप खाली उतरायचा, हर्सूलच्या तळ्यावर पाणी प्यायचा आणि थंडीत चिकलठाण्याच्या माळावर बसायचा. वाटेतली प्रत्येक विहीर, प्रत्येक झाड, कुठं सावली, कुठं लांडगा, कुठला पाटील चांगला आणि कुठला कुत्री सोडणारा, सगळं त्या गाण्यात होतं. त्यातल्या निम्म्या जागांवर आता कारखान्यांची कुंपणं होती. आणि आबा विसरायला लागले होते. मामींना मधूनच आपल्या बहिणीच्या नावानं हाक मारायचे. गाणं मात्र अजून शाबूत होतं. ते जायच्या आत उतरवून घ्यायचं, एवढ्यासाठी मामांनी हा सगळा खटाटोप केला होता.

"टेपरेकॉर्डर का नाही लावत?" मी विचारलं.

मामींनी आतून उत्तर दिलं, "लावला व्हता. आबा म्हन्ले, आवाज डब्यात कोंडला तर मी काय मुका फिरू?"

"मग मी लिहून देते."

यावर मामांनी मान हलवली. वाटेचं गाणं बापानं लेकाला द्यायचं असतं, तिसऱ्याचा हात चालत नाही. आणि मामांचं अक्षर असं की दुसऱ्या दिवशी त्यांना स्वतःलाच वाचता यायचं नाही. म्हणून कॉम्प्युटर. मी त्यांना मराठी टाईप करायला शिकवलं. दोन बोटांनी करायचे, पण आबा प्रत्येक ओळ दोनदा म्हणायचे आणि चालही चालण्याच्या वेगाची, त्यामुळे जमून जायचं.

जमायचं म्हणजे, यंत्रानं जमू दिलं तर. पहिल्याच दिवशी आबा खुर्चीत बसले, काठी फरशीवर टेकली, गाणं सुरू झालं. डोंगर उतरून कळप पहिल्या विहिरीवर आला आणि पडदा काळा झाला. टुंग असा आवाज आला आणि यंत्र पहिल्यापासून जागं व्हायला लागलं, जणू काही घडलंच नाही. मामांनी दर ओळीला साठवून ठेवायची सवय लावून घेतली, त्यामुळे झालेलं पुसलं जायचं नाही. पण आबांचं काय करणार? मध्येच तुटलं की त्यांना तिथून पुढं गाता यायचं नाही.

"आबा, पहिल्या विहिरीपासनं म्हणा की," मामा विनवायचे.

"अन् मेंढरं काय आभाळातनं टाकू विहिरीवर?" आबा म्हणायचे आणि पुन्हा डोंगरापासून सुरुवात करायचे.

असं रोज होऊ लागलं. कधी डोंगरातच, कधी घाटात, कधी फुलंब्रीच्या अलीकडे. लई झालं तर हर्सूलपर्यंत. तोवर आबा थकून जायचे. मामांच्या फ्लॉपीवर एकाच वाटेच्या नुसत्या सुरुवाती जमा झाल्या. "हर्सूलच्या म्होरं कसं जाईल?" मामी म्हणायच्या. "तिथं जेल हाय. आत गेलेला सुटतो व्हय लवकर?"

मामांनी उपाय सुरू केले. व्होल्टेज कमी पडतं म्हणून बोअरची मोटर बंद ठेवली. सगळी बिल्डिंग बादल्या घेऊन हापशावर गेली, पण यंत्र पडायचं थांबलं नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि पाणी ओतलं. मी क्लासमधली युक्ती सांगितली, म्हणून आतल्या पट्ट्या काढून त्यांचे पितळी दात खोडरबरानं घासले. शेवटी मी माझा लाडका सिद्धान्त मांडला. लोकरीत स्थिर वीज साठते, सगळा दोष घोंगडीचा आहे. मामा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांच्या सोयरिकीत खोट काढली होती.

"घोंगडीनं आजवर कुणाचं वाईट केलंय व्हय, बाई?"

तरी त्यांनी ती काढली. यंत्र पडलंच. त्यांनी घोंगडी पुन्हा घातली आणि मला चहा विचारला नाही.

मग ते यंत्र त्याच घोंगडीत गुंडाळून, मामींच्या मांडीवर देऊन, स्कूटरवरून दुकानात नेलं. दुकानदारानं दिवसभर चालवून बघितलं. "मामू, अपने यहाँ तो मक्खन चल रहा," तो म्हणाला. मामांच्या सांगण्यावरून त्यानं मागचं झाकण उघडून सगळं तपासलं. पुढच्या पिवळ्या टिळ्याला मात्र त्यानं हात लावला नाही. म्हणाला, "ये आपके देव का काम है, इसमें हम नको." मीही कधी लावला नव्हता. दुसऱ्याच्या देवाचा टिळा कोण पुसणार?

घरी आणलं. मामांनी एकट्यानं टाईप करून बघितलं, दुपारभर धडधाकट. आबा आले, गायला लागले, टुंग. यावर घरात जे बोलायला नको होतं ते एकदा मामांच्या तोंडून निघून गेलं. "आबा, तुम्ही गायला लागलात की मरतंय बघा ते."

आबांनी काठी उचलली आणि मागच्या खोलीत गेले. त्यानंतर ते पुढच्या खोलीत येईनात. जेवण तिकडेच. मामींना म्हणाले, "जुन्या माणसाचं तोंड नव्या वस्तूवर पडू नये." गाणं बंद झालं. मामा दोन बोटं तोंडात घालून गेटवर उभे राहायचे आणि शिट्टी अर्धीच निघायची. मला त्या वेळी मामांचा राग आला होता आणि कीवही.

हे सगळं चाललं होतं तेव्हा शहर नामांतराच्या प्रश्नानं तापलेलं होतं. विद्यापीठाच्या नावाचा निर्णय तोंडावर आला होता. बंद, मोर्चे, चौकाचौकात पोलीस. या नावापायी मराठवाड्यात घरं जळाली होती, माणसं गेली होती. कुणी कुठल्या बाजूचा हे चहाच्या टपरीवरही जपून विचारलं जायचं. मामा मात्र तिथंच उघड बोलले, आणि गावाकडचे काही सोयरे त्यावरून त्यांच्याशी बोलेनासे झाले. "त्या लोकांनी एका नावासाठी जीव दिले," ते म्हणाले होते. "अन् आम्ही? माळावरच्या आमच्या पायऱ्यांच्या बारवा बुजल्या, झाडं गेली, त्यांची नावं गेली. कोनी हूं का चूं केलं नाय. मला तर त्यांचा हेवा वाटतो."

बंदमुळे कंपनीची बस येईना, माझा क्लास बंद, दुकानं बंद. दुरुस्तीला कुणाकडे जायची सोयच उरली नाही. तेव्हा मामा घोंगडी पांघरून यंत्रासमोर बसले.

"आता काय करताय?" मी विचारलं.

"लंगडं मेंढरू धरून त्याचा पाय वर केला की ते घाबरून चार पाय सारखेच झाडतं. काय कळत नाय. त्याला सोडायचं अन् गपगुमान मागं मागं चालायचं. कवा लंगडतंय ते बघायचं. मी लई दिवस नुसते पायच उचलत बसलो."

आणि ते खरंच नुसते बघत बसले. यंत्र चालू, मामा समोर, मामींचा चहा येतोय जातोय. सकाळ गेली. काही झालं नाही. दुपारी मामी केर काढायला आल्या. मामा उठेनात, म्हणून त्यांनी रागानं केरसुणीचा बुडखा फरशीवर आपटला. टुंग.

मामा हळूच म्हणाले, "परत आपट."

मामींना वाटलं हे चिडले. "आपटनारच! घर म्हनायचं का—"

"अगं परत आपट!"

मामींनी आपटली. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही, मग टुंग. मामांनी उडी मारून माझ्याकडे बघितलं. गाणं नव्हतं. आबांचं तोंड नव्हतं. काठी होती! आबा प्रत्येक पावलाला काठी फरशीवर टेकवायचे, तिचा हादरा लागत होता. पण क्लासमध्ये मुलं टेबलांना धडकतात, तिथले कॉम्प्युटर काही मरत नाहीत. इतक्याशा हादऱ्यानं ह्याचं काय हलत होतं?

मामा यंत्रासमोर मांडी घालून बसले, एखाद्या मेंढीचं तोंड बघावं तसे. आणि मग त्यांची नजर त्या पिवळ्या कपाळावर थांबली. अंगठा त्यांनी पुढं नेला, टिळ्यावर ठेवला आणि जरा दाबला. टुंग. सोडला. बटन वर आलंच नाही. रोजच्या तेलाच्या भंडाऱ्यानं ती खोबण गच्च भरली होती. बटन अर्धं आत रुतलेलं, जरा हादरा बसला की टेकायचं. ज्या बटनाची आपल्याला गरजच नाही म्हणून मामांनी टिळा लावला, तेच बटन मामांना रोज डोंगरात परत पाठवत होतं.

मी हसायला लागले, मामी तर फरशीवरच बसल्या. मामांना हसू आलं नाही. त्यांनी घोंगडी शिवायचा दाभण आणला, यंत्र बंद केलं आणि खोबण कोरायला घेतली. हळदीची ढेपळं सतरंजीवर पडत होती. "माझाच टिळा," ते म्हणत होते, "अन् म्या म्हाताऱ्याला बोल लावला."

मग ते मागच्या खोलीच्या दाराशी गेले. आत नाही गेले, उंबऱ्यावरच बसले. आम्ही दोघी मागं उभ्या होतो.

"आबा, तुमचं काय नव्हतं. माझंच चुकलं. देवाला नको तिथं बसवलं."

आत काठी एकदा फरशीवर टेकली. मग आबांनी विचारलं, "मेलं का ते?"

"नाय. बरं झालं. तुमची वाट बघतंय."

आबा आले. खुर्चीत बसले, काठी हातात घेतली, यंत्राकडे बघितलं. "टिळा कुठाय?"

"आता नाय लावत त्याला."

"बिनटिळ्याचं कसं निघायचं? वाटी आण." मामींनी वाटी पुढं केली. आबांनी अंगठा बुडवला आणि मामांच्या कपाळावर टेकवला, चांगला भिवयांपर्यंत ओढला. "चालणाऱ्याला लावायचा असतो, येड्या. घोंगडीला, काठीला लावतो का आपण?"

काठी फरशीवर पडली आणि गाणं निघालं. कळप डोंगर उतरला. पहिली विहीर, घाट, फुलंब्री. काठीचा आवाज आला की मी पडद्याकडे बघायचे. यंत्र शांत होतं. मामांची दोन बोटं चालत होती आणि कपाळावरून तेलाचा ओघळ नाकावर आला तरी पुसायला हात मोकळा नव्हता. हर्सूलचं तळं आलं. मामींनी माझा हात धरला. मेंढ्या पाणी प्यायल्या, तळं मागं पडलं, आणि आबा चिकलठाण्याच्या माळावर पोचले. तिथं ते म्हणाले,

"घुंगरबारवेच्या काठी, मेंढ्या बसल्या दाटीवाटी,
तिथं जन्मलं माझं बाळ, पुरली बाभळीखाली नाळ."

मामांची बोटं थांबली.

"लिव्ह की. थांबलास कशापायी?"

"आबा, ही बारव कुठं व्हती?"

"कुठं म्हंजी? तुझ्या कंपनीच्या दाराशी. बुजवली की त्यांनी. तू रोज तिथंच तर उतरतोस."

"तुम्ही कधी सांगितलं नाय मला."

"रोज सांगायचो. लहानपनी हर्सूल आलं की झोपायचास तू."

मामांनी त्या ओळी टाईप केल्या. सावकाश, एकेक अक्षर. त्यांचा चेहरा पडद्याकडे होता, त्यामुळे मला दिसला नाही. पण मामी पदर डोळ्याला लावून आत गेल्या, आणि मलाही रडू आलं ते मी लपवलं नाही.

बंद उठला. विद्यापीठाला नाव मिळालं. कंपनीची बस परत यायला लागली आणि पहिल्याच दिवशी गेट जवळ येताच मामा उभे राहून ओरडले, "घुंगरबारव! उतरा!" अख्खी बस हसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओरडले. त्यांच्याबरोबरचा एक जण मला सांगत होता, काही महिन्यांनी मामा रजेवर होते त्या दिवशी ड्रायव्हरच ओरडला. आबांनी पुढच्या उन्हाळ्यात डोळे मिटले. तोवर गाणं पुरतं उतरवून झालं होतं, अगदी परतीच्या वाटेसकट.

मी पुढं पुण्याला गेले. मामाही आता नाहीत. गेल्या वर्षी मामींना भेटायला गेले तेव्हा शहराची पाटीही बदललेली होती. त्या घरी नेणारा रस्ता मला फक्त कंपनीच्या गेटपासून आठवत होता, आणि कंपनीचं नाव तर दोनदा बदललं असं कळलं. स्टेशनवर रिक्षात बसले. चालवणारा पोरगेला होता, मामांना त्यानं पाहिलं असण्याची शक्यताच नव्हती. दुसरं काही सुचेना म्हणून मी म्हटलं, "घुंगरबारव माहीत आहे का हो, चिकलठाण्याला?"

त्यानं मीटर टाकलं.

"बारव के इधर उतरते के उधर?" त्यानं विचारलं.